वेताळाचे परीक्षण कोणी केले?

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक काढला. त्यात ली फॉक यांचा फँटम होता. मराठी आवृत्तीत त्याचा वेताळ झाला. १९९० मध्ये ही मालिका थांबेपर्यंत आठशेहून अधिक अंक निघाले, आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक. याच काळात मराठी नियतकालिकांनी हौशी एकांकिकांची आणि स्वखर्चाने छापलेल्या कवितासंग्रहांचीही दखल घेतली. कॉमिक्सला मात्र परीक्षणाच्या पानावर जागा मिळाली ती अपवादानेच. वाचनाची गोडी घालवणारी चटक, एवढ्या एका वाक्यात थोरांनी तिची वासलात लावली.

तरीही परीक्षण होत होतेच. ते टपरीवर होत होते. शहापूरला नवा अंक यायचा तो कसाऱ्याच्या गाडीने आसनगावला उतरून. मुरबाडला रेल्वे नाही; तिथे गठ्ठा कल्याणहून एसटीच्या टपावर. अंक विकत घेणारे थोडे, भाड्याने नेणारे फार. टपरीवाला वेताळाचा अंक रात्रभरासाठी देत नसे, तिथेच फळीवर बसून वाचायला लावी. दुसऱ्या नायकांचे अंक खुशाल घरी न्या म्हणे. टीकाकाराचा याहून स्पष्ट अभिप्राय कोणता असणार?

रद्दीतून जमवलेल्या माझ्याकडच्या अंकांवर त्या अभिप्रायाच्या खुणा अजून आहेत. वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांच्या अंकांच्या पिना केव्हाच गळाल्या, तिथे दाभणाने दोरा ओवलेला आहे. कोपरे बोटांच्या घामाने काळे पडलेले. चष्मा लावून विचार करणाऱ्या रिप कर्बीचे अंक त्या मानाने करकरीत. (मला स्वतःला कर्बीच आवडे, पण माझ्या मताला टपरीवर किंमत नव्हती.)

वेताळ इथे एवढा रुजला याचे निम्मे श्रेय त्या नावाला द्यायला हवे. फँटमचा शब्दशः अर्थ भूत. पण भूत म्हटले असते तर मुले हसली असती किंवा पळाली असती. वेताळ हा भुतांचा राजा, आणि गावाचा राखणदारही. शेंदूर फासलेला त्याचा दगड पुष्कळ गावांच्या वेशीवर असतो आणि रात्री त्याची पालखी निघते असे आजी सांगते. परदेशी नायकाला एका शब्दात गावदेव करून टाकणारा हा अनुवादक अंकावर निनावी राहिला. अक्षरे काढणाराही निनावीच. मुखपृष्ठांमुळे बी. गोविंद यांचे नाव तेवढे जाणत्यांना ठाऊक आहे.

संपादनाची कात्रीही पाहण्यासारखी होती. मूळ कथेतला ‘बेंगाली’ प्रदेश भारतीय वाचकाला बंगालची आठवण करून देईल म्हणून त्याचे ‘डेंकाली’ झाले. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. कोणाच्या भावना दुखावू नयेत याची काळजी घेतली गेली. कोणाच्या, हा प्रश्न मात्र उरतो. कारण वेताळाच्या गुहेवर विषारी बाण घेऊन पहारा देणाऱ्या बुटक्या जमातीचे नाव ‘बांदार’ तसेच ठेवले गेले. हिंदीत बंदर म्हणजे माकड, हे छापणाऱ्यांना कळत नव्हते असे थोडेच! एक गोरा पुरुष, पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे येणारी सत्ता, आणि त्याला देव मानणारे जंगलातले लोक. हे चित्र शहापूर-मुरबाडच्या फळीवर बसून वाचणाऱ्यांत ठाकर, कातकरी, वारली मुलेही असत.

ज्या फळीवर हे वाचले जाई तिथून सिद्धगड लांब नाही. २ जानेवारी १९४३ रोजी त्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे त्यांच्या आझाद दस्त्याने पाडले होते. कोतवाल माथेरानचे, नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले. मुखवटा नाही, वंशपरंपरा नाही, अमरत्वाची अफवाही नाही. आम्हाला ही गोष्ट शाळेत दोन ओळींत कळली आणि डेंकालीचा नकाशा तोंडपाठ होता.

देशी नायक पुढे आले. डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालमध्येच आबिद सुरतींचा ‘बहादूर’ आला, चित्रे गोविंद यांची. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला हा तरुण गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारून डाकूंशी लढतो. माझ्या मते त्या मालिकेतला हा सर्वांत विचारी नायक. २००४ मध्ये ‘स्पायडरमॅन इंडिया’ आला. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला पवित्र प्रभाकर धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारतो. मूळ कथेतला प्रयोगशाळेचा अपघात काढून तिथे एक योगी बसवला आहे. त्या वर्षी आसनगावहून पहाटेची गाडी पकडून कॉलेजला जाणाऱ्या एकाही पोराच्या अंगावर धोतर नव्हते. मुंबईने खेडे कल्पनेतून काढले की असे होते. अभिजीत किणी यांची ‘अँग्री मावशी’ (२०१२) त्या मानाने खरी वाटते. साडी नेसून भ्रष्टांना झोडपणारी ही बाई मी कुठल्याही एसटी स्टँडवर पाहिली आहे. ती इंग्रजीत बोलते, एवढेच खटकते.

या सगळ्यांत ज्या पुस्तकाने मला चित्रकथा नव्याने वाचायला लावली ते २०११ चे ‘भीमायन’. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे परधान गोंड चित्रकार. माणसांना चौकटीत कोंडायला त्यांनी नकार दिला. पानावर रस्ता वळतो तशी गोष्ट वळते. संवादाचे फुगेही दोन जातींचे आहेत. सोसणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. वडिलांना भेटायला निघालेली भीमराव आणि त्यांची भावंडे मसूर स्टेशनवर उतरतात, त्या १९०१ च्या प्रवासाची पाने पाहताना अक्षरे वाचण्याआधीच डंख कुठून येणार ते कळते. अमर चित्र कथेने १९७९ मध्ये बाबासाहेबांवर अंक काढला होता. तोही माझ्या कपाटात आहे, नीटनेटका आणि आदराने काढलेला. त्यात हाकलणारा आणि हाकलला जाणारा, दोघेही सारख्याच गोल पांढऱ्या फुग्यात बोलतात.