गंजलेल्या मोटारीच्या सांगाड्याची दुरुस्ती

गंजाने पोखरलेला पत्रा कापून त्या जागी नवा पत्रा वेल्डिंगने जोडण्याची प्रक्रिया. फियाट ११०० या इटालियन मोटारीवरून मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होत असलेल्या आणि १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालेल्या प्रीमियर मोटारीला स्वतंत्र चासी नसून पत्र्याचा सांगाडाच सर्व भार पेलतो. त्यामुळे दारांखालची पोकळ पेटी, म्हणजे सिल, गंजली की प्रश्न केवळ दिसण्याचा न राहता गाडीच्या मजबुतीचा होतो. सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे पाइप तात्पुरते जोडून सांगाडा स्थिर करावा लागतो, अन्यथा तो मधोमध खचतो आणि दारे पुन्हा नीट लागत नाहीत.

घरगुती कामासाठी मिग वेल्डिंग सोयीचे असते; त्यात बारीक तार आपोआप पुढे सरकते आणि वायूचे आवरण वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. सुमारे १ मिमी जाडीचा पत्रा सलग तापवल्यास वाकतो किंवा त्याला भोक पडते, म्हणून दूरदूरचे टाके घेत, मधे थंड होऊ देत, अंतर हळूहळू भरत जावे. पेट्रोलची टाकी आधीच उतरवणे आणि बॅटरी सोडवणे अनिवार्य आहे. गंजावर नुसती पुट्टी थापणे ही दुरुस्ती नव्हे; आतला गंज वाढतच राहतो. जोड घासून झाल्यावर जस्तयुक्त प्रायमर व पोकळीत मेणाचा फवारा द्यावा, मात्र सिलच्या तळाची निचऱ्याची छिद्रे मोकळीच ठेवावीत.