एकाच मेजाभोवती

माझी आजी नगर जिल्ह्यातली, आजच्या अहिल्यानगरची. तिचं माहेर ‘अमेरिकन’ मंडळीचं, सासर ‘एसपीजी’चं. दोन्ही घरं ख्रिस्ती, दोन्ही अस्सल मराठी, नाताळाच्या करंज्याही सारख्याच. तरी रविवारी प्रभुभोजनाची वेळ झाली, की भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळं घर पुढे जाई आणि आजी एकटी बाकावर बसून राही.

कारण साधं होतं. सासरच्या मंडळीत बिशपच्या हातून दृढीकरण झाल्याशिवाय प्रभुभोजन मिळत नसे. तिच्या माहेरी मुळी बिशपच नव्हते. ‘करून घे की एकदा,’ असं सगळे सांगत. ती म्हणे, ‘म्हणजे मी आजवर ख्रिस्ती नव्हते?’

तुम्ही विचाराल, एकाच गावात हे दोन पंथ आले कुठून? १८३१मध्ये अमेरिकन मिशनरी नगरला आले. ते काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण पाहायचा. पुढे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची एसपीजी ही संस्था आली. तिथे बिशपांची परंपरा. भांडणं युरोपातली आणि जुनी. आमच्या दुष्काळी खेड्यांना त्यांचं काय? पण ज्या मिशनची शाळा आधी आली, त्या मिशनचा पंथ त्या गावाचा झाला.

ही कुंपणं आधी ओलांडली ती गाण्यांनी. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी टाळ-मृदंगाचं भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं. १९१७मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. टिळकांची भजनं आजीला दोन्ही घरी मिळाली. बाकावर बसूनही तिचा आवाज सगळ्यांत वर असे.

मंडळ्यांना मात्र वेळ लागला. दक्षिणेतल्या मंडळ्या २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये एक झाल्या. उत्तरेत बोलणी आणखी दोन दशकं लांबली. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यायचा, की जाणत्या वयात? बिशपाने हात न ठेवलेला पाळक खरा पाळक मानायचा का? वाद लहान नव्हते. प्रत्येकाला वाटे, मी वाकलो तर माझ्या वाडवडिलांची श्रद्धा खोटी ठरेल.

अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि आधीच एकत्र झालेल्या प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल अशा सहा मंडळ्यांची मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली. तोडगा असा निघाला: बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य. पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. त्यामुळे कोणी कोणाला पवित्र केलं, हा प्रश्नच उरला नाही.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. आमच्या गावात लोक पुढेही कितीतरी वर्षं ‘अमेरिकन देऊळ’ आणि ‘एसपीजीचं देऊळ’ असंच म्हणत. एके ठिकाणी छापील पुस्तकातून प्रार्थना, दुसरीकडे पाळक मनाने प्रार्थना करी. पण एकीसाठी एकसारखं व्हावं लागत नाही, हे मी तिथे शिकलो.

१९७१च्या नाताळात मी दहा वर्षांचा होतो. पाळकसाहेबांनी बोलावलं तशी आजी उठली, पदर सावरला आणि माझा हात धरून मेजापर्यंत गेली. आजोबा बाजूला सरकले, तिला जागा झाली.

घरी परतताना मी विचारलं, ‘आजी, कशी होती भाकर?’

‘माहेरच्यासारखीच रे,’ ती म्हणाली. ‘उगीच इतकी वर्षं थांबवलं मला.’