साथीच्या काळासाठी नर्सना ‘एआय’चे प्रशिक्षण: रुग्ण आणि नातेवाइकांनी काय समजून घ्यावे?

गेल्या पावसाळ्यात तापाने ॲडमिट असलेल्या एका आजोबांच्या मुलाने मला विचारले, “डॉक्टर, हल्ली सिस्टर म्हणे चॅटबॉटवर शिकतात. मग आमच्या वडिलांना चॅटबॉटच तपासणार का?” प्रश्न चेष्टेत विचारला होता, पण त्यामागची काळजी खरी होती. त्याला दिलेले उत्तर इथे थोडे सविस्तर लिहिते.

एआय भाषा-साधन म्हणजे आपण लिहिलेले किंवा बोललेले समजून घेऊन माणसासारखे उत्तर तयार करणारे सॉफ्टवेअर. नर्सिंगच्या शिक्षणात त्याचा उपयोग प्रामुख्याने सरावासाठी होतो. तुमच्या रुग्णाचे निदान करणे हे त्याचे काम नाही.

अशा सरावाची गरज का पडते?

साथ किंवा पूर सांगून येत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. २०२० मध्ये कोविड आला, तेव्हा वर्षानुवर्षे जनरल वॉर्डात काम केलेल्या सिस्टरना चार-पाच दिवसांच्या तयारीवर ऑक्सिजनचे रुग्ण सांभाळावे लागले. त्या वेळी आम्ही कागदावर हाताने लिहिलेल्या सूचना भिंतीला चिकटवत होतो. शांत काळात थोडा जरी सराव झाला असता, तरी ते दिवस कमी भीतीचे गेले असते.

प्रशिक्षणात नेमके काय होते?

समजा, पूर ओसरून आठवडा झाला आहे. एआय रुग्णाची भूमिका घेते आणि म्हणते, “सिस्टर, तीन दिवस ताप आहे, अंग मोडून आलंय.” आता पुढचे प्रश्न नर्सने विचारायचे. पोटऱ्या दुखतात का? डोळे लाल झालेत का? लघवी कमी किंवा गडद होते का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, पुराच्या पाण्यातून चाललात का, तेव्हा पायाला जखम होती का? हा शेवटचा प्रश्न सुटला, तर लेप्टो साध्या फ्लूसारखा दिसतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात. तोवर रुग्ण ते पाणी विसरलेला असतो, स्वतःहून सांगत नाही.

खऱ्या वॉर्डात असा रुग्ण वर्षभरात कदाचित दिसणारही नाही. सरावात मात्र एका दुपारी वीस वेळा भेटतो, दर वेळी वेगळ्या वयाचा, वेगळ्या तक्रारीचा. एखादा चिडलेला, एखादी घाबरलेली आई. चूक झाली तरी कोणाला इजा होत नाही. शेवटी अनुभवी ट्यूटर ते संभाषण वाचून काय राहिले ते सांगतात. ही शेवटची पायरी गाळली, तर त्या प्रशिक्षणावर माझा फारसा विश्वास नाही.

ही साधने कुठे चुकतात?

त्यांची मोठी खोड म्हणजे चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगणे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये या साधनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही चुकीच्या आणि अपुऱ्या उत्तरांचा धोका सांगितला आहे.

साधे उदाहरण ओआरएसचे. मोठे पाकीट १ लिटर पाण्यात घालायचे असते, हे बरोबर. पण बाजारात २०० मिलीची छोटी पाकिटेही मिळतात. ते छोटे पाकीट लिटरभर पाण्यात घातले तर द्रावण फारच पातळ होते, आणि मोठे पाकीट ग्लासभर पाण्यात घातले तर मिठाचे प्रमाण धोकादायक होते. पाकीट कोणते हे न विचारता दिलेले उत्तर वाचायला अगदी बरोबर वाटते. पुरानंतर दिल्या जाणाऱ्या डॉक्सीसायक्लीनचेही तसेच. गर्भवती आणि ८ वर्षांखालील मुलांना ती सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे औषध निवडतात. म्हणून डोस नेहमी सरकारी नियमावलीतून किंवा डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरमधूनच घ्यायचा, असे नर्सना शिकवले जाते.

दुसरी अडचण आपल्या भाषेची, आणि तिच्याकडे मला जास्त लक्ष वेधावेसे वाटते. या साधनांनी वाचलेला बहुतेक मजकूर इंग्रजी आहे. आपला रुग्ण म्हणतो, “कणकण आहे”, “गळून गेल्यासारखं वाटतं”, “जीव घाबरा होतो”. या शेवटच्या वाक्याचे भाषांतर ‘चिंता वाटते’ असे झाले, तर सिस्टर रुग्णाला धीर देऊन पुढच्या खाटेकडे जातील. प्रत्यक्षात रक्तदाब उतरत असताना किंवा हृदयविकाराच्या झटक्यातही माणूस हेच म्हणतो. डेंग्यूमध्ये अस्वस्थता हे धोक्याचे लक्षण आहे. त्यामुळे मराठीतला सराव इथल्याच अनुभवी नर्सनी तपासलेला हवा.

हाताची कामे तर पडद्यावर शिकताच येत नाहीत. सलाईनची सुई लावणे, एन-95 मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का ते पाहणे, पीपीई किट काढताना बाहेरच्या बाजूला हात न लावणे, हे कोणीतरी शेजारी उभे राहूनच शिकवावे लागते.

तुम्ही काय करू शकता?

सिस्टर प्रश्न विचारतात तेव्हा “सगळं डॉक्टरांना सांगितलंय” म्हणून टाळू नका. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, शेवटची लघवी केव्हा झाली, कोणती औषधे घरी घेतली, कशाची ॲलर्जी आहे, घरात किंवा आळीत आणखी कोणी आजारी आहे का, हे एका कागदावर लिहून आणा. घाईच्या वॉर्डात असा कागद फार उपयोगी पडतो.

औषध कशासाठी आहे आणि डोस कोणी लिहिला आहे, हे शांतपणे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चांगल्या सिस्टर त्याचा राग मानत नाहीत. केसपेपरचा फोटो काढून तो कुठल्याही चॅटबॉटला पाठवू नका. त्यावर नाव, पत्ता, आजार सगळे असते आणि ते पुढे कुठे साठते हे आपल्या हातात राहत नाही.

नर्स सराव करतात तेच साधन घरी वापरून स्वतः औषध ठरवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे चूक पकडायला ट्यूटर नसतो. डेंग्यूची शक्यता असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल चालते, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. पुराच्या पाण्यातून चालणे झाले असेल, तर ताप नसला तरी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा.

डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असे समजू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, जीव घाबरा होणे किंवा एकदम सुस्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर मोबाइलवर शोधत बसू नका. जवळच्या हॉस्पिटलात जा किंवा १०८ ला फोन करा.