तांदळाच्या डब्यातलं पाकीट

१९८८ साल. कांद्याचा भाव पडला म्हणून मी जुन्नरकडून घाटकोपरला थोरल्या भावाकडं काम बघायला गेलो होतो. असल्फ्याच्या डोंगरावर एकच खोली. वहिनीला तीन पोरी. आई नातवाची वाट बघत तिथंच मुक्कामाला.

एक दिवस आईनं तांदूळ काढून द्यायला सांगितलं. डब्यात हात घातला तर गोळ्यांचं पाकीट लागलं. माला-डी. टीव्हीवर जाहिरात लागायची, म्हणून नाव ठाऊक. वहिनी नळावरून हंडा घेऊन आली, माझ्या हातात ते बघून दारातच थबकली. हळूच म्हणाली, "भावजी, आईंना सांगू नका."

मी सांगितलं. घराचं भलं करतोय असं वाटलं. पाकीट त्याच रात्री गटारात गेलं.

त्या गोळीमागं केवढी वाट होती, ते मला फार उशिरा वाचून कळलं. आपल्याच मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या विचारांपायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा वकील म्हणून बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९५३ साली कर्वे गेले. गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९६० साली. तिच्या चाचण्या पोर्तो रिको बेटावरच्या गरीब बायकांवर झाल्या, आणि आपल्यावर प्रयोग चाललाय हे त्यांना धड सांगितलंही नव्हतं. म्हणजे तिथंही बाईला विचारलं नाहीच.

गोळीचं काम शेतकऱ्याला लगेच समजतं. गाभण गाय माजावर येत नाही. पोटात वासरू असताना अंगात जो रस असतो, तसाच रस गोळीतून रोज थोडा दिला की शरीर बीज सोडत नाही. गोळी थांबवली की पुन्हा दिवस जाऊ शकतात. चावी बाईच्या हातात राहते, मोठी गोष्ट ती हीच.

पण आपल्याकडं चावी कुणी हातात दिलीच नाही. आणीबाणीत गडीमाणसं धरून नेली. महाराष्ट्रानं तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते थांबलं. पुढं गडी त्या वाटेला जाईनात, सगळा भार बायांवर आला. मुलगा होईस्तोवर बाळंतपणं आणि मग एकदाचं ऑपरेशन, ही रीत पडली. घाटकोपरपासून जवळच देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिनं केलेल्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० लग्न झालेल्या बायकांपैकी ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं. गोळी घेणाऱ्या फक्त ५.

वहिनीचीही गत तीच. वर्षभरात चौथी पोर झाली. रक्त इतकं गेलं की दोन दिवस कुणी काही सांगेना. पुढं ऑपरेशन झालं, पण अंगात ताकद अशी आलीच नाही. माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पाळणा लांबवायच्या, ७ लोहाच्या, रक्त भरून यायला. आम्ही त्याही गटारात टाकल्या.

गेल्या दिवाळीत वहिनीकडं गेलो होतो. तिला आता बघते ती चौथी पोरच. पोर आत चहा टाकत होती तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, त्या येळी माझं चुकलं."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोरीचा राग कधीच नव्हता, भावजी. अंग माझं होतं आणि इचारलं कुणीच नाही, त्याचा राग हाये."

मी काही बोललो नाही. चहा आला, तो घेतला.