निकॉन-कॅनन स्पर्धा
निकॉन-कॅनन स्पर्धा : व्यावसायिक छायाचित्रणातील दोन जपानी कॅमेरा कंपन्यांची दीर्घ चढाओढ. गंमत म्हणजे कॅननचा पहिला विक्रीस आलेला कॅमेरा, ‘हान्सा कॅनन’ (१९३६), निक्कोर भिंग लावूनच आला. ते बनवणारी निप्पॉन कोगाकू म्हणजेच पुढची निकॉन. १९५९ च्या ‘निकॉन एफ’ने वृत्तछायाचित्रकारांत निकॉनचे बस्तान बसवले. १९८७ मध्ये कॅननने जुन्या ग्राहकांचा रोष पत्करून एफडी माउंट (भिंग कॅमेऱ्याला जोडण्याची रचना) मोडीत काढला आणि पूर्णपणे विद्युत-संपर्कावर चालणारा ईएफ माउंट आणला. मोटर भिंगातच असल्याने फोकस झटकन जुळे. क्रीडांगणांच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या, लांबलचक भिंगांची रांग लागली. निकॉनने त्या वेळी आपला एफ माउंट सोडला नाही, त्यामुळे जुनी भिंगे बऱ्याच अंशी कामाची राहिली.

वाद रंगतो मेगापिक्सेलवरून. पण व्यावसायिक पैसे मोजतो ते भिंगे, भरवशाचा फोकस, दणकटपणा आणि तातडीच्या दुरुस्तीसाठी. एकदा भिंगांचा संच जमला की कंपनी बदलणे खिशाला परवडत नाही. हातही अडतो : दोन्हींची फोकसकडी परंपरेने उलट दिशांना फिरते. मिररलेस कॅमेऱ्यांमुळे सोनी या लढतीत उतरली; २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तिचीच निवड केली.