कमरबंद आणि काडतूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. पण लढणारा माणूस सकाळी घराबाहेर पडताना अंगावर काय चढवत होता, शस्त्र कुठं खोचत होता, त्यासोबत आणखी काय काय बाळगत होता, हे फार कमी ठिकाणी सापडतं. पुतळे घडवणाऱ्यांनाही तलवार उपसलेलीच आवडते. खरं म्हणजे तलवारीचं बहुतेक आयुष्य म्यानात जातं, आणि म्यान माणसाच्या कमरेला असतं. म्हणून आज आपण थोडं कमरेविषयी बोलू.

जुन्या जाम्याला किंवा अंगरख्याला आजच्यासारखे खिसे नसत. 'खिसा' हा शब्द आपल्याकडं फारसीतून आला, तोही थैली या अर्थानं. ती वेगळी बाळगायची वस्तू होती, पुढं कपड्याला शिवली गेली. तोवर माणसाचं सगळं सामान कनवटीला, बटव्यात, पागोट्याच्या घडीत नाहीतर कमरेच्या पट्ट्यात असे. त्या पट्ट्याला कोणी कमरबंद म्हणे, कोणी पटका, कोणी शेला. चांगला लांबलचक कापडी पट्टा, दोन-तीन वेढे देऊन घट्ट आवळलेला. त्याच्या घड्यांत कट्यार तिरकी खोचलेली. कट्यारीची मूठ आडवी असते, दोन दांड्यांच्या मधोमध धरायची. ती पोटाशी चपटी बसते, चालताना-बसताना टोचत नाही आणि हात घातला की एका झटक्यात मुठीत येते. पट्टा सैल असेल तर कट्यारीबरोबर पट्टाही ओढला जाणार. आपण 'कंबर कसली' म्हणतो, त्यामागं हा अगदी साधा हिशेब आहे.

मोगल आणि दख्खनी लघुचित्रं पाहताना अभ्यासक एक खूण सांगतात. जाम्याचे बंद उजव्या बगलेत बांधलेले असले तर माणूस मुसलमान, डाव्या बगलेत असले तर हिंदू. मला या खुणेची गंमत वाटते. बंद कुठल्याही बाजूला असोत, त्याखाली कमरबंद तोच, त्यात कट्यार तीच, आणि ती घडवणारा लोहारही बहुधा एकच.

कपडा आणि शस्त्र यांचा सर्वात नेमका विचार कुठं झाला असेल, तर तो 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी. कृष्णाजी अनंत सभासदानं आपल्या बखरीत त्या दिवशीचा शिवाजी महाराजांचा पोशाख नोंदवला आहे, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. अंगात जरीची कुडती, डोक्याला मंदिल, पायात चोळणा, वर कास कसलेली. आणि हातात बिचवा व वाघनख. भेटीला आलेल्या माणसाचाच हा पोशाख. पण जरीखाली चिलखत होतं. खानाचा वार कुशीवर आला तो खरखरत निघून गेला, अंगाला लागला नाही. वाघनखाचीही रचना पाहा. बोटांत अडकवल्यावर बाहेरून दिसतात त्या अंगठ्या, नखं तळहातात मिटलेली. त्या प्रसंगाला धर्माधर्माच्या लढाईचा रंग देणारे बरेच आहेत. महाराजांनी बरोबर नेलेल्या दहा जणांत एक सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, एवढंच त्यांना सांगावंसं वाटतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै 2024 मध्ये साताऱ्यात आली, तेव्हा ती पाहायला गर्दी लोटली. ती नेमकी प्रतापगडावरचीच आहेत असा पुरावा नाही, हे खुद्द त्या संग्रहालयानंच सांगितलं होतं. तरी लोक रांगेत उभे राहिले. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

बंदूक आली आणि कमरेचं काम फार वाढलं. तलवारीला एक म्यान आणि एक पडदळं पुरतं. तोड्याच्या बंदुकीला मात्र सगळा संसार लागतो. नळीत भरायची जाड दारू एका शिंगाच्या पात्रात. कानावर टाकायची बारीक दारू, म्हणजे रंजक, ती दुसऱ्या लहान पात्रात. गोळ्यांची थैली वेगळी. ठासायला गज. कान साफ करायला सुई. चकमक. आणि तोडा, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, जी ज्योत न धरता हळूहळू धुमसत राहते. बंदूकवाल्याच्या एका हाताशी हा पेटता तोडा आणि कमरेला दारूचं शिंग. पाऊस आला तर दोन्ही वाया. रात्री लपून बसावं तर तोड्याचा लाल ठिपका आणि वास शत्रूला पत्ता सांगणार. अंगरख्याचा घोळ फार मोठा असेल तर तो पेटायचीही भीती.

युरोपातल्या शिपायांचे हाल काही कमी नव्हते. त्यांच्या खांद्यावरून छातीवर एक आडवा पट्टा असे आणि त्याला लाकडी कुप्या टांगलेल्या. एका कुपीत एका बाराची दारू. कुप्या बहुधा बारा असत, म्हणून थट्टेनं त्यांना येशूचे बारा शिष्य म्हणत. चालताना त्यांचा खडखडाट व्हायचा, आणि एखाद्या कुपीवर ठिणगी पडली तर बाकीच्यांचंही काही खरं नसायचं.

आपल्याकडच्या कारागिरांनी या जोखमीच्या वस्तूंनाही रूप दिलं. गुजरातेत शिंपल्याच्या चकत्या जडवलेली दारूपात्रं होत. मोगल कारागिरांनी हस्तिदंती रंजकदानांवर काळवीट आणि इतर जनावरं एकमेकांत अशी गुंफली आहेत की एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते कळू नये. काचेच्या कपाटात ती पाहताना आपण विसरतो, की ही रोज वापरायची चीज होती.

'बंदूक' या शब्दाचाही प्रवास ऐकण्यासारखा आहे. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक कठीण कवचाचं फळ, हेझलनट. त्यावरून तेवढ्या आकाराची गोळी, आणि गोळीवरून ती उडवणारं हत्यार. काडतुसं बाळगायची चामडी पेटी म्हणजे तोसदान. 'तोशा' म्हणजे प्रवासाची शिदोरी. भाकरी ठेवायच्या जागी काडतुसं आली, नाव तेच राहिलं. बंदुकीला चाप असतो, तो ओढला की गोळी सुटते. आपली वर्तमानपत्रं मात्र भ्रष्टाचाराला चाप 'लावतात', तो आवरण्यासाठी. आणि 'घोडा' शब्दाचा मुंबईत काय अर्थ आहे, ते मी सांगायला नको.

अठराव्या शतकात कवायती पलटणी आल्या. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी मराठ्यांच्या बाजूनं लढलेला इब्राहिमखान गारदी फ्रेंचांच्या हाताखाली शिकलेला होता. पुढं महादजी शिंद्यांनी द बॉइन्यकडून अशाच पलटणी उभ्या करवल्या. इथं माणसाचा पोशाख बदलला. जो तो आपल्या आवडीचा, आपल्या ऐपतीचा कमरबंद बांधत होता, त्याच्या जागी सगळ्यांच्या अंगावर सारखा चामड्याचा पट्टा आणि सारखं तोसदान आलं. बिचारा कमरबंद मग साहेबाच्या घरी गेला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तो जेवणाच्या समारंभी पोशाखात घेतला आणि तो जगभर पोचला. आजही सुटाबुटातले लोक रेशमी कमरबंद लावतात. त्यात खोचायला काही नसतं, तो भाग वेगळा.

तोसदानातल्या एका वस्तूनं 1857 साली राज्य हादरवलं. एनफिल्ड रायफलीचं काडतूस म्हणजे कागदात गुंडाळलेली दारू आणि गोळी. कागद दातांनी तोडायचा, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. त्या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, ही बातमी छावणीछावणीत पसरली. साहेबांनी कवायत बदलून कागद हातानं फाडायची मुभा दिली, पण विश्वास गेला होता. मीरतच्या 85 स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. त्यांना बेड्या ठोकल्या आणि 10 मे रोजी मीरत पेटलं.

त्यानंतर देशाच्या कमरेचं शस्त्र काढून घेण्यात आलं. 1878 च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला. युरोपियनाला तो लागत नव्हता. डाकू आणि रानडुक्कर दोघांपुढं शेतकरी रिकाम्या हातानं उभा राहिला. 1887 साली मद्रासला मुंबईचे बदरुद्दीन तय्यबजी काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या अधिवेशनात हा कायदा सौम्य करण्याची मागणी झाली. ती मागणी फक्त शस्त्राची नव्हती, भेदभाव संपवण्याची होती, असं मला वाटतं. आपल्याकडं कट्यार राहिली ती खंडेनवमीच्या पूजेत आणि नवरदेवाच्या हातात, टोकाला लिंबू टोचून.

एका समाजाची मात्र या कायद्यातून सुटका झाली. कूर्गच्या, म्हणजे कोडगूच्या कोडवांना इंग्रजांनी 1861 सालीच सूट दिली. स्वतंत्र भारतानं ती चालू ठेवली. 2019 मध्ये केंद्र सरकारनं तिची मुदत 2029 पर्यंत वाढवली, आणि 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. एका समाजाला सूट का आणि दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न न्यायालयापुढं होता आणि तो रास्तच होता. कोडवांच्या पोशाखात मात्र जुन्या कमरेचा सगळा संसार शाबूत आहे. अर्ध्या बाह्यांचा काळा लांब कोट, त्याला ते कुप्य म्हणतात. त्यावर लाल रेशमी पट्टा, चेले. पुढच्या बाजूला चांदीनं मढवलेला खंजीर, पीचेकत्ती. पाठीमागं पितळेची एक पकड, तोडंग, आणि तिच्यात अडकवलेली रुंद पात्याची ओडिकत्ती. घरात मूल जन्मलं की बंदुकीचा एक बार काढतात, माणूस गेला की दोन. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाचा कोट पांढरा असतो. मांडवापाशी केळीचे खुंट रोवलेले असतात आणि त्याच्या पक्षाचे लोक पुढं होऊन ते ओडिकत्तीनं एकेका घावात तोडतात.