केपचा परवाना आणि कोकणातील घर

परदेशी असलेल्या नवऱ्याकडे किंवा बापाकडे जाऊन राहण्यासाठी ज्याला आज आपण व्हिसा म्हणतो, तो मागण्याची पाळी कोकणातील कुटुंबांवर आली ती विमानांच्या युगात नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील खाडीकाठच्या गावांतून निघून, मुंबई बंदरात आगबोट धरून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केप टाउन गाठणाऱ्या कोकणी मुसलमानांच्या घरी या कागदाची धास्ती पूर्वीच शिरली होती. 1860 पासून नाताळच्या ऊसमळ्यांवर करार करून नेलेल्या गिरमिटियांहून हे लोक निराळे होते; भाड्याचे पैसे स्वतः भरून ते जात, फळफळावळ विकीत, लहानसे दुकान थाटीत, आणि बायकामुले मात्र गावी ठेवून मिळकतीचा भाग घरी धाडीत. त्यांच्या या परागमनाकडे आपल्या इतिहासलेखनाचे जावे तितके लक्ष गेलेले नाही, असे मला मनापासून वाटते.

केप वसाहतीने 1902 साली कायदा करून नव्याने येणाऱ्यास युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे अशी अट घातली. कायद्यात वर्णाचा उच्चार नव्हता. परंतु मराठी, उर्दू वा गुजराती उत्तम लिहिणारा इसमही तेथे निरक्षरच ठरे. पुढे 1906 च्या कायद्याने आधीपासून वसलेल्या हिंदी माणसालाही स्वदेशी जाऊन परतावयाचे तर ठरावीक मुदतीचा परवाना घेणे भाग पडले. त्यासाठी एक पौंड फी भरावयाची, छायाचित्र द्यावयाचे, हाताचे ठसे उमटवावयाचे. आणि आईच्या आजारपणामुळे, लग्नकार्यामुळे किंवा बोट चुकल्यामुळे मुदत टळली, तर अनेक वर्षांच्या कष्टाने उभे केलेले दुकान समुद्रापलीकडे राहून मालकास बंदरातूनच परत फिरावे लागण्याचे भय असे. माणसाच्या गावच्या मुक्कामाची लांबी अशा रीतीने परक्या कचेरीतील तारखेने ठरू लागली.

याहून मोठा प्रश्न 1913 साली उभा राहिला. पोर्ट एलिझाबेथच्या हसन इसप नावाच्या हिंदी मुसलमानाची पत्नी बाई मरियम हिला उतरू देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला, आणि 14 मार्च 1913 रोजी केपचे न्यायमूर्ती सर्ल यांनी तो नकार कायम केला. ज्या धर्मात बहुपत्नीकत्वास मुभा आहे त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह तेथील कायद्याला विवाह म्हणून मान्य नाही, असा त्या निवाड्याचा आशय होता. निकाह असो वा सप्तपदी, हजारो गृहिणींचे पत्नीपद एका निकालाने संशयात आले, आणि त्यांच्या मुलांच्या वारसाहक्कालाही धक्का पोहोचला. प्रवेश नाकारणे एक, आणि नाते नाकारणे निराळे. हा दुसरा अपमान स्त्रियांनी सोसला नाही.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात नाताळमधील गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची जी तुकडी निघाली तीत कस्तुरबा होत्या. परवान्यावाचून नाताळची सीमा ओलांडून ट्रान्सवालमध्ये शिरणे हाच त्यांचा सत्याग्रह होता. कुटुंबांना अडवणारा कायदा कुटुंबातील बायकांनीच मोडला, आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. याच लढ्यात शिक्षा भोगलेली जोहान्सबर्गची वळ्ळियम्मा ही सोळा वर्षांची तमिळ मुलगी तुरुंगातून ज्वर घेऊन सुटली आणि 22 फेब्रुवारी 1914 रोजी मरण पावली. तिचे नाव महाराष्ट्रात आजही फार थोड्यांना ठाऊक असावे, हे आपल्याला भूषणावह नाही.

गोपाळ कृष्ण गोखले 1912 च्या ऑक्टोबरात केप टाउनला उतरून बोथा व स्मट्स या मंत्र्यांना भेटले होते. गिरमिट संपलेल्या हिंदी मजुरांवरील तीन पौंडांचा जाचक कर उठेल असा त्यांचा समज त्या भेटीतून झाला, आणि तो फोल ठरताच प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी हिंदुस्थानात लढ्यासाठी निधी उभा केला. अखेर 1914 च्या कायद्याने तो कर रद्द झाला आणि हिंदी रहिवाशाची एक पत्नी व अल्पवयीन मुले यांना प्रवेशाचा हक्क मिळाला. एकाच पत्नीपुरती ही सवलत काही मुसलमान व्यापाऱ्यांना अपुरी वाटली, व त्यांच्या तक्रारीत तथ्य होते; तरी केपच्या धक्क्यावरून परत पाठविल्या जाणाऱ्या स्त्रीला कायद्याचा आधार प्रथमच लाभला, हे विसरता येत नाही.

हक्क मिळाला, पण तो शाबीत करण्याचे ओझे कुटुंबावरच राहिले. ही बायको याचीच, हा मुलगा याचाच, याचे मॅजिस्ट्रेटच्या सहीचे दाखले हिंदुस्थानातून न्यावे लागत. आणि जिथे जन्माची नोंद सालाने नव्हे तर पावसाळ्याच्या वा सणाच्या आठवणीने ठेवली जाई, तिथल्या मुलाचे वय सोळाच्या आत आहे हे परक्या अधिकाऱ्याला पटवावयाचे कसे? मुलांच्या जबान्या होत, आणि बापाच्या व मुलाच्या सांगण्यात तफावत पडली की नात्यावरच शंका येई. 1927 च्या कायद्याने मुलासोबत त्याची आई आलीच पाहिजे असे फर्मावले, आणि तीन वर्षे सलग बाहेर राहणाऱ्याचा रहिवासही जाऊ लागला. शेतीभाती व वृद्ध सासूसासरे सांभाळणाऱ्या स्त्रीने काय करावे? काही जणी केवळ मुलाचा हक्क टिकावा म्हणून महासागर ओलांडून गेल्या आणि पुन्हा गावी परतल्या. 1953 साली तर परदेशात लग्न करून आणलेल्या पत्नीला व तिच्या मुलांना मिळणारी ही सवलतच दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने काढून घेतली.

या सगळ्या अर्जांची, छायाचित्रांची व ठशांची दप्तरे केप टाउनच्या पुराभिलेखागारात आहेत. ती सरकारी बाजू होय. दुसरी बाजू कोकणातल्या घरांत आहे. ज्यांच्या पेटीत आजोबांचा केपचा परवाना, मॅजिस्ट्रेटचा दाखला किंवा तिकडून आलेली पत्रे असतील, त्यांनी तो कागद रद्दीत घालू नये; त्याची प्रत एखाद्या ग्रंथालयाला द्यावी, आणि घरातील म्हाताऱ्या माणसांना त्याविषयी जे आठवते ते त्यांच्या हयातीतच लिहून ठेवावे.